प्रोसेसर थ्रॉटलिंग : वीज आणि उष्णता

प्रोसेसर फार तापला किंवा ठरलेल्या वॅटच्या वर जायला लागला की तो स्वतःच आपला क्लॉक, म्हणजे काम करायचा वेग, खाली आणतो, यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कास्टिंगचं (ओतकामाचं) सिम्युलेशन तासन्‌तास लावून ठेवणाऱ्या पोरांना हे रोजचंच, सुरुवातीला ४ गिगाहर्ट्‌झने पळणारं मशीन थोड्या वेळात ३ च्या खाली येतं आणि सगळे म्हणतात व्हायरस आलाय.

आतलं गणित असं. चिपमधली स्विचिंगची वीज साधारणपणे व्होल्टेजच्या वर्गाला क्लॉकनं गुणून येते. म्हणजे दोन्ही २० टक्क्यांनी उतरवले तर ०.८ चा घन, ०.५१२, वीज जवळपास निम्मी आणि वेग मात्र फक्त पाचव्या हिश्शानं कमी. पण व्होल्टेज तसंच ठेवून नुसता क्लॉक कमी केला तर वीज सरळ त्याच प्रमाणात घटते, जास्त फायदा नाही. पेंटियम ४ च्या सुरुवातीच्या चिपा तापल्यावर हेच करायच्या, क्लॉक मधे मधे चक्क बंद ठेवायच्या. लॅपटॉपसाठी इंटेलनं २००० साली स्पीडस्टेप आणलं त्यात क्लॉकबरोबर व्होल्टेजही उतरायचं, आणि आजचे बहुतेक प्रोसेसर हीच युक्ती वापरतात.

याशिवाय गळती असते, म्हणजे ट्रान्झिस्टर काही न करता बसला तरी थोडा करंट जातोच, आणि चिप जेवढी गरम तेवढी गळती जास्त. त्यामुळं एकच काम थंड चिप कमी विजेत करते.

आता लोकांचा घोळ होतो तो वॅट (त्या क्षणाला लागणारी वीज) आणि युनिटमध्ये (वेळ धरून एकूण वीज, १००० वॅट-तास म्हणजे एक युनिट). थ्रॉटल झालं म्हणजे बिल कमी, असं काही नसतंय. समजा एक काम ४५ वॅटवर तासाभरात होतं आणि थ्रॉटल होऊन २५ वॅटवर दीड तास घेतं, तर प्रोसेसरचे ४५ वॅट-तास आणि ३७.५ वॅट-तास, वाचले की. पण मॉनिटर, रॅम, बोर्ड वगैरे मिळून ३० वॅट धरले तर ते दीड तास चालू राहतात, एकूण ७५ आणि ८२.५, म्हणजे उलटं जास्तच लागलं. म्हणूनच काही ठिकाणी काम झटक्यात संपवून प्रोसेसरला झोपू देणं स्वस्त पडतं. वीज गेल्यावर मात्र गोष्ट वेगळी, इन्व्हर्टरला त्या क्षणाचा लोड किती हे बघावं लागतं, तिथं कमी वॅट कामाला येतात.

उष्णतेचं बोलायचं तर प्रोसेसर जेवढे वॅट खातो तेवढी उष्णता खोलीत सोडतोच. थ्रॉटलिंगमुळं तापमान एकदम खाली येतं असं नाही, बऱ्याच लॅपटॉपात ते ९५-१०० अंशाच्या मर्यादेवर टेकून राहतं, फक्त त्याच्या वर जात नाही. ही मर्यादाही पाळता आली नाही तर मशीन सरळ बंद पडतं. मे महिन्यात कोल्हापुरात दुपारी पारा चांगलाच चढलेला असतो, खोली डिसेंबरपेक्षा १० अंश गरम असेल तर तेवढ्याच वॅटला चिपही साधारण १० अंश गरम राहणार, त्यामुळं उन्हाळ्यात मशीन लवकर मंदावतं. त्यात उद्यमनगरच्या वर्कशॉपातली किंवा फाउंड्रीची बारीक धूळ हीटसिंकच्या (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या) पात्यांत बसली की पंखा नुसताच बोंबलतो, हवा जात नाही. अशा वेळी सॉफ्टवेअरमध्ये डोकं घालण्याआधी ब्लोअर मारून चिप आणि हीटसिंकच्या मधली नवीन थर्मल पेस्ट लावलेली बरी.

विंडोजमध्ये पॉवर सेटिंगला प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केली की बहुतेक मशीनवर टर्बो (नेहमीच्या वर जाणारा जादा क्लॉक) बंद होतो, वेग थोडा जातो पण तापमान लई उतरतं. उलट कधी कधी चिप थंड असूनही मशीन रांगतं, तेव्हा कमी वॅटचा चार्जर लावलाय का ते बघावं, कारण बरेच लॅपटॉप चार्जर ओळखता आला नाही तरी क्लॉक पार तळाला नेऊन ठेवतात.