बास्केटबॉलमधील उडी आणि धाव

बास्केटबॉलमध्ये खेळाडूची सरळ वर झेपावण्याची ताकद आणि थोडक्या अंतरात वेग पकडण्याची ताकद या दोन गोष्टी आवर्जून मोजल्या जातात. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत सज्जाच्या कठड्याला टोपल्या ठोकल्या. तो कठडा जमिनीपासून १० फुटांवर होता, म्हणून रिंगची उंची १० फूट (३.०५ मीटर) ठरली आणि ती आजतागायत तशीच आहे. उडीचं सगळं गणित या उंचीपासून सुरू होतं.

उडी मोजण्याची सर्वांत साधी रीत डडली सार्जंट यांच्या नावाने ओळखली जाते. १९२१ साली त्यांनी ती मांडली. बोटांना खडूची भुकटी लावायची, भिंतीला खेटून उभं राहून हात वर ताणायचा आणि खूण करायची. मग जागेवरून उडी मारून दुसरी खूण करायची. दोन्ही खुणांमधलं अंतर म्हणजे उडी. इथे एक चूक हमखास होते. पहिली खूण करताना खांदा नीट वर ताणला नाही, तर उडी पाच-सहा सेंटिमीटर फुकटची वाढते. म्हणून मोजणाऱ्याने उडीआधी खांद्याकडे पाहावं.

नुसत्या उडीचा आकडा मात्र अपुरा असतो. ज्याचा वर ताणलेला हात २.३५ मीटरपर्यंत पोचतो, त्याला रिंगला बोट लावायलाच ७० सेंटिमीटर उडी लागते. डंक करायचा, म्हणजे चेंडू वरून थेट रिंगमध्ये कोंबायचा, तर चेंडू रिंगच्या वर न्यायला आणखी साधारण १५ सेंटिमीटर. साडेपाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या स्पड वेबने १९८६ साली एनबीएची (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची) डंक स्पर्धा जिंकली, ती का थोर कामगिरी होती हे या हिशोबावरून कळतं.

काही खेळाडू हवेत तरंगतात असं वाटतं. प्रत्यक्षात १ मीटर उडी मारणाराही हवेत जेमतेम ०.९ सेकंद असतो आणि अर्धा मीटर उडणारा ०.६४ सेकंद. पण वर जाताना वेग कमी होत जात असल्याने त्यातला निम्मा वेळ उडीच्या वरच्या पाव भागात जातो. डोळ्यांना तोच भाग थांबल्यासारखा दिसतो. १९८८ साली मायकेल जॉर्डनने रिंगमागच्या बोर्डापासून १५ फुटांवरच्या फ्री थ्रो रेषेपासून (जिथून फाउलनंतर मोकळा फेक घेतात) डंकसाठी झेप घेतली. ती एका पायावरची, धावत येऊन घेतलेली झेप होती. धावण्याचा वेग उडीत कसा उतरतो याचा तो उत्तम नमुना आहे. दोन पायांवर उडणाऱ्यांची भिस्त मात्र मांड्या आणि नितंबांच्या जोरावर जास्त असते.

उडीआधी गुडघे वाकवून क्षणभर खाली जाणं महत्त्वाचं. त्यात मांडीचे व पोटरीचे स्नायू आणि टाचेमागची कंडरा रबरासारखी ताणली जाते आणि साठलेली ऊर्जा लगेच परत मिळते. खाली थबकलं की ती वाया जाते. हातांच्या झोक्यानेही उंची वाढते.

धावेचं म्हणाल तर आंतरराष्ट्रीय मैदान २८ मीटर लांब. उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनमध्ये १०० मीटर धावण्याचा ९.५८ सेकंदांचा विक्रम केला, तेव्हा त्याचा सर्वोच्च वेग ६० ते ८० मीटरच्या टप्प्यात होता. तेवढी जागा बास्केटबॉलच्या मैदानात नाहीच. एनबीएच्या निवडचाचणीत ७५ फुटांची (२२.८६ मीटर) धाव घेतात आणि चपळ गार्ड (चेंडू खेळवणारे, बहुधा कमी उंचीचे खेळाडू) ती सव्वातीन सेकंदांच्या आत-बाहेर पुरी करतात. पण माझ्या मते सामन्यात त्याहून मोलाची असतात पहिली दोन पावलं आणि पूर्ण वेगात असताना झटक्यात थांबणं. तीच गोष्ट दुसऱ्या उडीची: रिबाउंडसाठी, म्हणजे नेम चुकून परत आलेला चेंडू पकडण्यासाठी, एकदा उडून खाली आल्यावर पाय टेकताक्षणी पुन्हा वर जाणारा बहुधा चेंडू घेऊन जातो. निकोला योकिचची उडी बेताची आणि धावही संथ, तरी २०२१, २०२२ आणि २०२४ साली तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, कारण चेंडू कुठे येणार हे त्याला आधी कळतं.

उडी वाढवण्यासाठी वजनासह बैठका आणि प्लायोमेट्रिक्स, म्हणजे ठोकळ्यावरून उतरून लगेच वर उडणं, असे व्यायाम करतात. आधी उतरणं शिकवावं. जमिनीवर येताना गुडघ्यांवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. त्याने गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा दुखावते. गुडघ्यातला पुढचा क्रुशिएट अस्थिबंध (हाडांना हाडं जोडणारा पट्टा, एसीएल) तर अनेकदा कुणाचा धक्का न लागताही उतरताना वा वळताना तुटतो आणि मुलींमध्ये हे प्रमाण अधिक आहे. म्हणून पावलं खांद्यांइतकी फाकवून, गुडघे आत न झुकवता, पायाच्या पुढच्या भागावर हलकेच उतरण्याचा सराव उंच ठोकळ्यांच्या आधी करून घेतात.