दारापासून फुग्यापर्यंत

'घरात एकटे असताना हार्ट अटॅक आला तर जोरजोरात खोका, जीव वाचेल.' हा निरोप व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात चिमूटभर सत्य आहे. १९७६ साली अमेरिकेत कॅथलॅबच्या, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत नळी घालून तपासायच्या खोलीतल्या, टेबलावर हृदयाचा ताल अचानक बिघडलेल्या रुग्णांना डॉक्टरांनी खोकायला लावलं, आणि ते काही काळ शुद्धीवर राहिले. पण तिथे मॉनिटर चालू होता, शॉकचं यंत्र हाताशी होतं. गुठळीने बंद झालेली रक्तवाहिनी खोकून उघडत नाही. तिला गुठळी विरघळवणारं औषध लागतं, नाहीतर अँजिओप्लास्टीचा, म्हणजे नळीवाटे वाहिनीत नेऊन फुगवायचा, फुगा.

आणि तोही लवकर. रक्त तुटलं की हृदयाचा स्नायू एका झटक्यात मरत नाही. १९७७ साली रायमर आणि जेनिंग्ज यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं की हे मरण सर्वात आतल्या थरात सुरू होतं आणि लाटेसारखं बाहेरच्या थराकडे सरकतं. रक्त ४० मिनिटांत परत सोडलं, तर धोक्यातल्या स्नायूचा बराच भाग वाचतो. ६ तासांनी सोडलं तर फारसा उरत नाही. म्हणून रुग्ण रुग्णालयाच्या दारात आल्यापासून फुगा फुगेपर्यंत ९० मिनिटांची मर्यादा ठरली. २००५च्या सुमारास अमेरिकेत निम्म्याहून अधिक रुग्णांच्या बाबतीत ती पाळली जात नव्हती.

वेळ कुठे जात होता? मला या गोष्टीतला हाच भाग सर्वात आवडतो. फुगा फुगवायला फार वेळ लागत नाही. वेळ जायचा फोनवर. कॅज्युअल्टीतला डॉक्टर इसीजी बघणार, त्याला अटॅक स्पष्ट दिसणार, पण कॅथलॅब उघडायचा अधिकार त्याला नाही. तो कार्डिऑलॉजिस्टला फोन करणार, ते इसीजी स्वतः बघतो म्हणणार, मग तंत्रज्ञाला फोन, नर्सला फोन. सगळं एकामागून एक. लग्नघरात आचारी, मांडववाले आणि भटजी यांना एकेकाचं उत्तर आल्यावरच पुढच्याला फोन करायचा ठरवलं, तर मुहूर्त टळणारच.

येल विद्यापीठातल्या एलिझाबेथ ब्रॅडली आणि हार्लन क्रुमहोल्झ यांच्या गटाने ३६५ रुग्णालयांची चौकशी केली. त्यांचा निबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरनेच कॅथलॅब उघडायला सांगायची मुभा असेल तर सरासरी ८ मिनिटं वाचतात. एकाच फोनने सगळी टीम हलत असेल तर सुमारे १४. रुग्ण अजून रुग्णवाहिकेत असतानाच, तिथल्या इसीजीवरून टीमला बोलावलं तर १५. आणि प्रत्येक केसला किती मिनिटं लागली हे डॉक्टरांना लगेच कळवलं तर साडेआठ.

हा शेवटचा आकडा मला फार बोलका वाटतो. नुसतं कळवल्याने! डॉक्टर मंडळींना परिपत्रक आवडत नाही, पण स्वतःच्या परवाच्या केसचा आकडा समोर आला की ते तो दोनदा बघतात.

कॅज्युअल्टीतला डॉक्टर उगाचच बोलावेल, ही कार्डिऑलॉजिस्टांची तक्रार मात्र अगदीच खोटी नव्हती. इसीजीतला एसटी भाग, म्हणजे ठोक्याच्या टोकानंतरचा रेषेचा तुकडा, वर उचललेला दिसला म्हणजे अटॅकच असं नाही. हृदयाच्या आवरणाला सूज असेल, डाव्या बाजूची विद्युतवाट अडली असेल, तरी तो वर दिसतो. काही धडधाकट तरुणांत तर तो मुळातच तसा असतो. टीमला हाक मारण्याचा उंबरठा खाली आणला की खोट्या हाका वाढतात, वर नेला की खरे अटॅक निसटतात. दोन्ही एकदम शून्यावर आणता येत नाहीत. २००७ साली मिनियापोलिसच्या अभ्यासात १,३००हून अधिक रुग्णांपैकी १४ टक्क्यांत अटॅकला जबाबदार रक्तवाहिनीच सापडली नाही. म्हणजे सातातून एकदा टीम रात्री दोनला उठून उगाच आली. हे चालवून घ्यायचं, आणि त्या हाकेसाठी कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला फाडून खायचं नाही, हे कार्डिऑलॉजिस्टांनी कबूल केलं तरच ही व्यवस्था चालते. यंत्र विकत घेणं त्या मानाने सोपं.

नोव्हेंबर २००६मध्ये अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनेने याची मोहीमच काढली. २०१०पर्यंत ९० मिनिटांच्या आत फुगा मिळणाऱ्यांचं प्रमाण ४४ टक्क्यांवरून ९१वर गेलं.

इथे टाळ्या वाजवून थांबता आलं असतं. पण २०१३ साली ५१५ रुग्णालयांचा हिशेब आला. तिथेही वेळ घटली होती, पण रुग्णालयातल्या मृत्यूंचं प्रमाण ४.८ टक्क्यांवरून जेमतेम ४.७ झालं होतं. पुढे काहींनी दाखवलं की वेळ वाचण्याचा फायदा एकेका रुग्णाला होतच होता, पण दरम्यान अधिक गंभीर रुग्णही अँजिओप्लास्टीला येऊ लागल्याने एकूण सरासरी हलली नाही. शिवाय घड्याळ दारात सुरू होतं, लाट मात्र घरात सुरू झालेली असते.

आपल्याकडचा आकडा बघा. भारतातल्या ५० शहरांतल्या वीस हजारांवर रुग्णांची पाहणी २००८ साली लॅन्सेटमध्ये आली. रुग्णालयात पोचल्यावर गुठळीचं औषध सुरू व्हायला मध्यक ५० मिनिटं, म्हणजे निम्म्यांना त्याहून जास्त. छातीत दुखू लागल्यापासून रुग्णालयात पोचायला ३६०. गॅसची गोळी, ओव्याचं पाणी, 'सकाळी बघू', आणि १०८ला फोन करायच्या आधी तो खोकण्याचा निरोप, हे सगळं त्या ३६०मध्ये येतं.