पार्श्वभूमी : अद्भुत कादंबरी मराठीत परकी कधी झाली?

सोलापुरात आठवी ते बारावीच्या मुलांशी कादंबऱ्यांवर बोलायला बसलं की दोन मतं हमखास पुढे येतात. फँटसी, म्हणजे अद्भुत कथा, ही इंग्रजीचीच मक्तेदारी, आणि मराठीत आमच्या वयाचं काही मिळत नाही. दुसऱ्या मतात बरंच तथ्य आहे. पहिलं मात्र इतिहासापुढे टिकत नाही.

मराठी कादंबरी बाल्यावस्थेत होती तेव्हा अद्भुतावरच वाढली. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ची. त्याच दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्या. नारो सदाशिव रिसबूड यांनी 'मंजुघोषा'च्या (१८६८) प्रस्तावनेत तर या प्रकारामागचं कारणच सांगून टाकलं आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की लग्नाच्या चालीरीतींमुळे आणि इतर कारणांनी आपल्या लोकांच्या आयुष्यात मनोरंजक असे दुर्गुणही सापडत नाहीत आणि सद्गुणही. तेव्हा रोजचंच लिहिलं तर वाचणार कोण? म्हणून राजकन्या, हरवलेले राजपुत्र, अरण्यं आणि अचाट योगायोग.

या लिखाणाला धक्का बसला तो टीकाकारांकडून. १८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' (नावल म्हणजे कादंबरी) लिहून असंभाव्य कथानकांचा समाचार घेतला. १८८५ पासून हरिभाऊ आपट्यांनी आजूबाजूच्या घरांतलं आयुष्य कादंबरीत आणलं आणि ते इतकं जिवंत आणलं, की चांगल्या कादंबरीचं माप तेच ठरलं. १९०२ मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनीही 'कादंबरी' हा निबंध लिहिला. हरिभाऊंचं मोठेपण मान्यच आहे. पण त्या मापाने अद्भुताला कमी दर्जाचं ठरवलं, आणि तो शिक्का आजही पुरता पुसलेला नाही.

वाचकांनी मात्र ते सोडलं नाही. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांचा आधार घेऊन 'कालिकामूर्ती'सारख्या रहस्यमय, भुयारांनी भरलेल्या कादंबऱ्या दिल्या. नाथमाधवांचा 'वीरधवल' पिढ्यान्पिढ्या वाचला गेला. पुढे नारायण धारपांनी (१९२५–२००८) भयकथेला मराठी घर, मराठी वाडा आणि मराठी माणसं दिली. हे सगळं वाचनालयांतून झिजेपर्यंत फिरलं, समीक्षेत त्याची दखल तुटपुंजीच राहिली.

अद्भुताचा दुसरा प्रवाह मुलांच्या मासिकांकडे वळला. मद्रासहून १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेलं 'चंदामामा' १९५२ पासून मराठीत 'चांदोबा' म्हणून येऊ लागलं. ते कन्नडमध्येही निघे, म्हणजे सोलापूरच्या पेठांतून ऐकू येणाऱ्या मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही भाषांत एकच विक्रम आणि एकच वेताळ. त्या कथांची बांधणी नीट पाहण्यासारखी आहे. राजा मौन पाळून प्रेत खांद्यावर घेतो, वेताळ गोष्ट सांगून शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. बोललास तर मौन मोडलं, मी पुन्हा झाडावर. नियम दोनच, पळवाट नाही, आणि शहाणपणाचीच किंमत मोजायची. मूळच्या पंचवीस कथांना 'चांदोबा'ने शेकड्यांनी भर घातली ती याच चौकटीच्या जोरावर. आजचा फँटसीचा वाचक ज्याला मॅजिक सिस्टिम, म्हणजे जादूच्या नियमांची चौकट, म्हणतो, तिचा याहून घट्ट नमुना शोधूनही सापडणार नाही. बऱ्याच नव्या कादंबऱ्या फसतात त्या नेमक्या इथे: पहिल्या भागात जादूला मर्यादा असते, तिसऱ्या भागात नायक अडचणीत आला की ती मर्यादा गुपचूप सैल होते. मग पुढच्या कुठल्याच संकटाचं भय वाटत नाही.

साहित्य म्हणून गावातली सामग्रीही कमी नाही. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांनी स्थापलेली अडुसष्ट लिंगं, संक्रांतीच्या दिवसांत त्यांना वळसा घालणारे सात नंदीध्वज, आणि कुंभारकन्येचं योगदंडाशी लागलेलं लग्न. काल्पनिक जगाला लागणारा नकाशा, विधी आणि मूळकथा तिन्ही इथे एकत्र आहेत. श्रद्धेचा मान राखून हे कादंबरीत आणणं अवघड आहे, अशक्य नाही.

आता दुसरं मत, मराठीत आमच्या वयाचं काही मिळत नाही हे. अमेरिकेत ग्रंथपालांच्या संघटनेने १९५७ मध्येच किशोर वाचकांसाठी वेगळा विभाग काढला. आज तिथे साधारण १२ ते १८ हा वयोगट धरतात. १९६७ मध्ये एस. ई. हिंटन या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीची 'द आउटसायडर्स' आली आणि या वयासाठी स्वतंत्र कादंबरी चालते हे प्रकाशकांना पटलं. पुढे १९९७ मध्ये हॅरी पॉटर आला, तोवर तिथे कपाट तयार होतं.

आपल्याकडे ते कधी तयारच झालं नाही. भा. रा. भागवतांनी १९५१ मध्ये 'बालमित्र' काढलं, ज्यूल व्हर्न मराठीत आणला आणि फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे (फाफे) जन्माला घातला. पाठ्यपुस्तक मंडळाचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय. पण फाफेच्या पुढे काय, याला उत्तर नव्हतं. तेरा-चौदाव्या वर्षी मूल थेट मोठ्यांच्या कादंबऱ्यांत शिरायचं. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' (१९८२) कॉलेजच्या मुलांनी उचलून धरली. प्रकाश नारायण संतांच्या कथांतला लंपन आणि मिलिंद बोकीलांची 'शाळा' (२००४) या वयाबद्दल अप्रतिम बोलतात. तरी त्यांत मोठं झालेलं मन मागे वळून पाहतं आहे. 'शाळा'तल्या नववीतल्या मुकुंदाची आणीबाणी ही पालकांच्या पिढीची आठवण आहे. आजच्या नववीतल्या मुलीला आपला आजचा दिवस त्यात शोधावा लागतो. मराठी किशोर कादंबरीची खरी उणीव ही आहे, आणि ती अनुवादांनी भरून निघणारी नाही.

अनुवाद तर आले. हॅरी पॉटर मंजुल पब्लिशिंग हाऊसने मराठीत आणला, टॉल्किनची मुद्रिकांची त्रयी मुग्धा कर्णिकांनी 'स्वामी मुद्रिकांचा' म्हणून. पण वाचनालयात ते कुठे लावायचे? पुस्तकांना विषयवार क्रमांक देणारं ड्यूई वर्गीकरण काटेकोर पाळलं तर मराठी कादंबरी ८९१.४६३ वर जाते आणि इंग्रजीतून आलेला अनुवाद मूळ भाषेच्या ८२३ वर. म्हणजे धारप एका भिंतीला, टॉल्किन दुसऱ्या भिंतीला, चांदोबाचे जुने बांधीव अंक बालविभागात आणि 'शाळा' साहित्यिक कादंबऱ्यांत. चौदा वर्षांच्या वाचकाला हे चारही एकत्र दिसतच नाहीत. यावर उपाय सोपा आहे: क्रमांक आहेत तसेच ठेवून पुस्तकाच्या कण्यावर एकाच रंगाची पट्टी लावायची आणि ही पुस्तकं दर्शनी मांडणीवर आणायची. दाखल नोंदवहीला हात लावावा लागत नाही.

वाचनालयासाठी मालिका घेताना सगळे भाग एकदमच घ्यावेत. पहिला भाग जास्त फिरतो, आधी फाटतो आणि तो गेला की उरलेले भाग कपाटात पडून राहतात. शक्य असेल तिथे पहिल्या भागाच्या दोन प्रती घ्याव्यात. पाचशे पानांपुढची, नुसत्या गोंदावर चिकटवलेली पुस्तकं मधोमध उकलतात. बाइंडरकडे दिली तर सुटी पानं बाजूने शिवावी लागतात, त्यात आतला समास खाल्ला जातो आणि ओळींची टोकं शिवणीत जातात. म्हणून जाड पुस्तकाची शिलाई बांधणीची आवृत्ती निघाली असेल तर चार पैसे जास्त देऊन तीच घ्यावी.