शाळा नगरपालिकेची की जिल्हा परिषदेची? गावच्या शाळेचा इतिहास लिहिताना होणारा घोळ

तालुक्याच्या गावातल्या जुन्या मराठी शाळेची शतकमहोत्सवी स्मरणिका उघडली की पहिल्या दोन पानांत हमखास एक विधान सापडतं: जिल्हा परिषदेने अठराशे अमुक साली ही शाळा स्थापन केली. लिहिणाऱ्यांची तळमळ खरी असते, विधान मात्र साफ चुकीचं असतं. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या 1 मे 1962 रोजी. त्याआधीची कोणतीही शाळा जिल्हा परिषदेने काढलेली असूच शकत नाही. ती पुढे तिच्याकडे आली, एवढंच म्हणता येतं.

दुसरा घोळ याच्या उलट बाजूचा. गावाला नगरपालिका आहे, म्हणजे गावातली मराठी शाळा नगरपालिकेचीच, असं धरून चालायचं आणि नगराध्यक्षांच्या यादीत शाळेचे संस्थापक शोधत बसायचं. कित्येक गावांत नगरपालिका शंभर वर्षांहून जुनी आहे आणि ऐन बाजारपेठेतली शाळा मात्र जिल्हा परिषदेची आहे. हे का होतं, ते कळलं की उरलेला इतिहास आपोआप जागेवर बसतो.

जिल्हा परिषदेची शाळा सगळ्यांना माहीत आहे, तिच्यावर वेळ घालवत नाही. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी आणि वर जिल्ह्याला शिक्षणाधिकारी, अशी तिची उतरंड. नगरपालिकेच्या शाळांचा कारभार गावातल्या गावात चालतो आणि तिथला प्रमुख ‘प्रशासन अधिकारी’. पुस्तकं दोन्हीकडे बालभारतीची, फी दोन्हीकडे नाही, खिचडी दोन्हीकडे. वर्गात बसलेल्या मुलाला काही फरक जाणवत नाही. शिक्षकाला जाणवतो: जिल्हा परिषदेचे गुरुजी बदली होऊन जिल्ह्यात कुठेही जातात, नगरपालिकेच्या बाई एक नंबर शाळेतून चार नंबरात जातात आणि निवृत्तही त्याच गावात होतात. माजी विद्यार्थी मेळाव्यात नगरपालिका शाळेच्या तीन पिढ्या एकाच बाईंची आठवण सांगतात, ती यामुळे.

आता खरा मुद्दा. शाळा कोणाची, या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत: काढली कोणी, खर्च कोणी केला आणि हुकूम कोणाचा चालला. आज तिन्हींचं उत्तर बहुधा एकच येतं, म्हणून आपण ते मागेही एकच असेल असं समजतो. जुन्या काळात तिन्ही उत्तरं वेगळी असायची. शाळेच्या दारावरची पाटी सातबाऱ्यासारखी असते, तिच्यावर आजचं नाव दिसतं. आधीचं कळायला फेरफार काढावे लागतात. ते असे:

हिंदुस्थानातल्या शिक्षणाबद्दलच्या वुडच्या 1854 च्या खलित्यानंतर 1855 मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खातं उभं राहिलं. त्या काळात उघडलेल्या शाळा खात्याच्या, म्हणजे खऱ्या अर्थाने सरकारी. 1860 च्या दशकात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणासाठी राखला गेला. आपल्या बहुसंख्य जुन्या मराठी शाळा या पैशातून निघाल्या. इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. हा कर शेतकऱ्याच्या साऱ्यावर होता, गावातल्या पेठेवर नव्हता. पेठेतल्या शाळेचा भार मात्र या फंडावर पडत होता. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात याच दुखण्यावर बोट ठेवलं. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी सगळे सांगतात. त्याच निवेदनात त्यांनी असंही सुचवलं होतं की मोठ्या गावांतल्या नगरपालिकांनी आपल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा खर्च उचलावा, पण कारभार पूर्णपणे त्यांच्या हाती देऊ नये, देखरेख शिक्षण खात्याचीच असावी. खर्च एकाचा आणि अधिकार दुसऱ्याचा, हा भेद त्यांच्या डोक्यात इतका स्वच्छ होता. स्मरणिका लिहिणाऱ्यांनी हे निवेदन एकदा तरी मुळातून वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

1884 च्या कायद्यांनंतर लोकल बोर्डं, म्हणजे ग्रामीण भागातल्या स्थानिक कारभाराची मंडळं आली, नगरपालिकांवर शाळांची जबाबदारी टाकली गेली. पैसा नगरपालिकेच्या तिजोरीतून आणि सरकारी अनुदानातून, तपासणी आणि नेमणुकांवर पकड मात्र खात्याची. या काळातली शाळा ‘नगरपालिकेची’ म्हणणं खर्चापुरतं बरोबर आहे. कारभारापुरतं नाही. कारभार हातात आला 1923 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने: जिल्हा लोकल बोर्डांना आणि मोठ्या नगरपालिकांना आपापली स्कूल बोर्डं मिळाली. (त्याआधी 1918 मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या कायद्याने नगरपालिकांना सक्तीचं शिक्षण सुरू करण्याची मुभा दिली होती. काही स्मरणिकांत हे दोन कायदे एकच समजून टाकलेले असतात.)

आणि मग 1947 चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा. सगळा गुंता इथे सुटतो आणि नेमकं हेच पान बहुतेक जण वगळतात. या कायद्याने नगरपालिकांचे दोन गट मान्य केले. काही नगरपालिका ‘प्राधिकृत’: त्यांचं स्वतःचं शिक्षण मंडळ, हद्दीतल्या प्राथमिक शाळा त्यांच्या ताब्यात. बाकीच्या अप्राधिकृत: त्यांच्या हद्दीतल्या शाळाही जिल्हा स्कूल बोर्डाच्या ताब्यात, नगरपालिकेने फक्त वर्गणी भरायची. म्हणजे गाव नगरपालिकेचं, पाणीपट्टी नगरपालिकेची, दिवाबत्ती नगरपालिकेची आणि शाळा जिल्ह्याची. 1962 ला जिल्हा स्कूल बोर्डाचा वारसा जिल्हा परिषदेकडे गेला, त्यासोबत या शाळाही गेल्या. प्राधिकृत नगरपालिकांच्या शाळा होत्या तिथेच राहिल्या. बाजारपेठेतल्या जिल्हा परिषद शाळेचं कोडं एवढ्यात सुटतं. नगरपालिका जुनी की नवी, मोठी की छोटी, याने काही ठरत नाही. ती प्राधिकृत होती का, हा एकच प्रश्न विचारायचा. अलीकडे ग्रामपंचायतीच्या नगरपंचायती झाल्या, तिथल्या शाळाही जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. त्यातून नवा गोंधळ सुरू झाला आहे, पण कारण त्याच जातीचं.

सातारा शहराचं उदाहरण घ्या. शहरात नगरपालिकेच्या क्रमांकवार शाळा आहेत आणि त्याच शहरात राजवाड्यातलं प्रतापसिंह हायस्कूल जिल्हा परिषदेकडे आहे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी भिवा रामजी आंबेडकर या नावाने बाबासाहेबांचा इंग्रजी पहिलीत प्रवेश झाला तो इथे. रजिस्टरला क्रमांक 1914. हा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी दरवर्षी कुणी ना कुणी लिहितं की बाबासाहेब जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. 1900 मध्ये ते सरकारी हायस्कूल होतं, शिक्षण खात्याचं. त्या प्रवेशाचं मोल कळायचं असेल तर हे कळायलाच हवं. सरकारी शाळेचं दार सरकारी धोरणाप्रमाणे सर्वांना उघडं होतं. आत गेल्यावर वर्गात कुठे बसवलं गेलं, ही त्यापुढची गोष्ट. ती सांगताना संस्था चुकीची सांगून चालत नाही.

हायस्कुलांबद्दल एवढंच: वरचे कायदे प्राथमिक शिक्षणाचे. गावचं हायस्कूल बहुतेक वेळा ना नगरपालिकेचं असतं ना जिल्हा परिषदेचं, ते एखाद्या संस्थेचं अनुदानित असतं. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले इथे सुरू केलेली रयत शिक्षण संस्था हे त्यातलं सर्वात मोठं नाव. रयतच्या शाळेला ‘सरकारी शाळा’ म्हणणं मला फार खटकतं. त्यात लोकांनी पसापसा धान्य देऊन उभं केलेलं काम पुसलं जातं.

हा काथ्याकूट फक्त स्मरणिकेपुरता नाही. जात पडताळणीसाठी लोक आजोबांचा शाळेचा दाखला शोधत फिरतात. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त व भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांआधीची नोंद लागते. यातल्या पहिल्या दोन तारखांना जिल्हा परिषद नव्हतीच. जनरल रजिस्टर मूळ शाळेत असतं. पण ती शाळा दुसरीत विलीन झाली असेल, मुलांची आणि मुलींची एकत्र केली असेल, तर दप्तर पंचायत समितीत गेलं की नगरपालिकेच्या शिक्षण विभागात, हे तिच्या ताब्याच्या इतिहासावर ठरतं. चुकीच्या कचेरीत ‘आमच्याकडे अशी शाळा नाही’ असं उत्तर मिळतं आणि माणूस नोंदच नाही असं समजून घरी परततो. म्हणून जुना दाखला हाती आला की आधी शिक्का वाचा. ‘लोकल बोर्ड’ किंवा ‘जिल्हा स्कूल बोर्ड’ असेल तर वाट जिल्हा परिषदेकडे जाते. ‘म्युनिसिपल स्कूल बोर्ड’ असेल तर नगरपालिकेकडे. नुसतं ‘मराठी शाळा नंबर 2’ असेल तर शाळेच्या शेरेबुकात, म्हणजे तपासणीचे शेरे लिहायच्या वहीत, आलेल्या साहेबांचा हुद्दा पाहा. तोही नसेल तर त्याच गावच्या त्याच सालच्या दुसऱ्या दाखल्याशी ताडून पाहा.

हे सगळं जुन्या मुंबई इलाख्यातल्या ब्रिटिश मुलखाला लागू. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 मध्ये सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला, तिथल्या शाळा दरबारच्या. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तिथे लोकल बोर्डाचा शिक्का शोधू नका. तिथल्या सरकारी माध्यमिक शाळा पुढे जिल्हा परिषदांकडे आल्या, म्हणून मराठवाड्यात जागोजाग ‘जिल्हा परिषद प्रशाला’ दिसते आणि पश्चिम महाराष्ट्रात क्वचित. विदर्भ मध्य प्रांतात, तिथे 1948 नंतर जनपद सभा, म्हणजे तिथली स्थानिक कारभाराची मंडळं, होत्या. अकोल्याच्या किंवा बीडच्या शाळेचा इतिहास साताऱ्याच्या साच्यात बसवू नका, तिथले शिक्के वेगळे आहेत आणि कचेऱ्याही.