पेठेचा संघ आणि समर्थकाची खदखद: कोल्हापुरी फुटबॉलची पार्श्वभूमी

केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, फुटबॉल लीगचे दिवस जवळ आले की कोल्हापूरच्या पेठांत पहिली चर्चा यादीची असते. आपल्याकडून कोण सुटला, समोरच्यांनी कोणाला उचलला, बाहेरून कोण येतोय, गोलकीपर यंदा तरी धड आहे का. संघ दोन मॅच हरला की त्याच चर्चेचा सूर बदलतो. समितीला काही कळत नाही, पैसा खेळाडूंवर उधळला, पेठेची पोरं बाकावर बसवली, सराव कोणी घेतच नाही. पुढे कुठेतरी गॅलरीत हाणामारी होते, स्पर्धा थांबते आणि जे केवळ मॅच बघायला आले होते तेही ‘हुल्लडबाज’ ठरतात.

या नाराजीत तथ्य किती आणि राग किती, हे ठरवण्याआधी ती आली कुठून ते पाहायला हवे. इंग्लंडमधल्या किंवा कोलकात्यातल्या क्लबच्या समर्थकाची तक्रार आणि कोल्हापूरच्या समर्थकाची तक्रार वरून सारखी दिसते. मुळात मात्र दोन्हींत बराच फरक आहे, कारण इथे संघ तालमीचा असतो.

तालीम आधी, फुटबॉल नंतर. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागेचे मैदान उभे केले आणि शहराच्या गल्लोगल्ली तांबड्या मातीचे हौद घुमू लागले. तालीम म्हणजे व्यायामाची जागा, पण तेवढीच नव्हे. पेठेतले भांडण तिथे मिटायचे, गणपती तिथे बसायचा, लग्नाला माणसे तिथून जमायची आणि मयताला खांदेकरीही तिथूनच निघायचे. २०१९ च्या महापुरात शहरातल्या तालमी आणि मंडळे आपापल्या परीने मदतीला उतरली, ती याच सवयीने. अशा ठिकाणी फुटबॉल आला तेव्हा त्याला वेगळे घर शोधावे लागले नाही. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या संघांच्या नावात आजही ‘तालीम मंडळ’ आहे. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ, फुलेवाडी यांची नावे वेगळी असली तरी घडण तीच: भाग, गल्ली, ओळखीची माणसे.

म्हणून इथला समर्थक आपला संघ निवडत नाही. तो ज्या गल्लीत जन्मला त्या गल्लीचा संघ त्याचा. आजोबा ज्या संघासाठी ओरडले त्याच संघासाठी नातू ओरडतो. युरोपातला क्लब आवडेनासा झाला तर चाहता दुसऱ्याचा शर्ट घालू शकतो. इथे तसे करणाऱ्याला घरातच जाब द्यावा लागेल. नाराजीला बाहेर पडायला वाट नसली की ती साठत जाते, आणि कोल्हापूरच्या गॅलरीत जे साठलेले असते त्याचा मोठा भाग हाच आहे असे मला वाटते.

खेळ शहरात रुजला तो संस्थानी काळात, शाळा-कॉलेजांच्या मैदानांवरून आणि राजघराण्याच्या पाठबळावर. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९४० मध्ये, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. तीच आजची केएसए. संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले, पण राजघराण्याने फुटबॉलवरचा हात काढला नाही. आजही केएसएची सूत्रे छत्रपती घराण्याभोवतीच आहेत. रावणेश्वर तळ्याच्या जागेवर शाहू स्टेडियम उभे राहिले, साठमारीला, म्हणजे हत्तींच्या झुंजींच्या जुन्या मैदानाला, लागून, जुन्या पेठांपासून चालत जाता येईल अशा अंतरावर. हे अंतर महत्त्वाचे आहे. चारची मॅच असली की दुकान पोराच्या हवाली करून माणूस स्टेडियमवर जाऊ शकतो आणि दिवेलागणीला परत येऊ शकतो. मैदान शहराबाहेर दहा किलोमीटरवर असते तर कोल्हापूरला फुटबॉलचा असा नाद लागला असता का, याची मला शंका आहे.

राजाश्रयाचा एक परिणाम मात्र फारसा बोलला जात नाही. खेळ चालवायचा खर्च कोणीतरी मोठा माणूस देईल, ही सवय शहराला लागली. पूर्वी तो मोठा माणूस राजा होता. पुढे ती जागा पुढाऱ्यांनी आणि व्यावसायिकांनी घेतली. लीग संपली की एकामागून एक बाद पद्धतीच्या स्पर्धा सुरू होतात. सतेज चषक, महापौर चषक, अटल चषक, चंद्रकांत चषक ही नावे वाचली तरी त्यामागचे पाठबळ कळते. या स्पर्धांनी फुटबॉल जिवंत ठेवला हे नाकारता येणार नाही. लाखाच्या घरातली बक्षिसे आली, मालिकावीराला वाहने मिळू लागली, गॅलरी भरू लागली. पण बक्षीस एका दिवशी, एका फायनलला मिळते. मैदानाचे भाडे, पोरांचे बूट, प्रशिक्षकाचे मानधन, बारा-चौदा वर्षांच्या मुलांचा वर्षभराचा सराव यासाठी कोणी चषक ठेवत नाही.

इथूनच समर्थकाची सगळ्यात मोठी तक्रार सुरू होते: बाहेरचे खेळाडू.

एक काळ असा होता की संघाची अकराही पोरं त्याच भागातली असायची. पेनल्टी हुकवणारा दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गल्लीतून दूध आणायला जायचा आणि त्याला लोकांच्या नजरा झेलाव्या लागायच्या. जिंकून देणाऱ्याला खांद्यावरून तालमीत आणायचे. ही जवळीक क्रूर होती, पण खेळाडू आणि समर्थक एकमेकांना जबाबदार होते. मग ईर्षा वाढली. पाटाकडील आणि दिलबहार यांच्यासारख्या पारंपरिक प्रतिस्पर्ध्यांची मॅच म्हणजे अर्ध्या शहराचा प्रश्न. अशा मॅचला हरणे परवडत नाही म्हणून कोणी दुसऱ्या भागातला चांगला फॉरवर्ड आणला, मग समोरच्यांनी मुंबई-पुण्याहून आणला, मग गोव्याकडून, आणि पुढे नायजेरियासह आफ्रिकी देशांतले खेळाडू शाहू स्टेडियमवर दिसू लागले. त्यांच्यामुळे खेळाचा वेग वाढला, उंचावरचे चेंडू कसे घ्यायचे ते इथल्या पोरांना शिकायला मिळाले. गॅलरीने त्यांच्यावर प्रेमही केले. पण हंगामापुरता आलेला माणूस हंगाम संपताच गेला आणि पुढच्या वर्षी समोरच्या संघातून उतरला. केएसएला परदेशी आणि बाहेरच्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा घालाव्या लागल्या. एका तालमीने हात आवरला तर ती हरते, आणि सगळ्यांनी एकदम आवरायचे ठरवले तर नियमाशिवाय ते पाळले जात नाही. म्हणून तो निर्णय योग्यच होता.

मर्यादेने प्रश्न सुटला असे मात्र नाही. बाहेरचे कमी झाले की शहरातल्या शहरात ओढाताण वाढते. नोंदणी हंगामापुरती असते, बहुतेक खेळाडूंचा तालमीशी वर्षानुवर्षांचा करार नसतो. ज्या तालमीने पोराला दहाव्या वर्षापासून खेळवले तिला तो अठराव्या वर्षी सोडून गेला तर हाती काही लागत नाही. मग तालमीने दहा वर्षांच्या पोरांवर खर्च का करावा? तयार खेळाडूला नोंदणीच्या वेळी पैसे देणे तिला सोपे वाटते. समर्थक खेळाडूला ‘फुटका’ म्हणतो. मला तसे म्हणवत नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळी करून, सुट्टीचा पगार कापून जो पोरगा मॅचला येतो त्याने दोन पैसे जास्त देणाऱ्याकडे जाऊ नये, हे सांगायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

त्यातही या पोरांना वर जायचा जिना कधी नीट मिळालाच नाही. पूर्वी मुंबईत रेल्वे, एअर इंडिया, महिंद्रा, मफतलाल असे संस्थांचे संघ होते. चांगला खेळलात तर नोकरी लागायची आणि म्हातारपणाची सोय व्हायची. त्यांतले बरेच संघ एकेक करून मिटले. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसीही थांबला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, पुण्याचा संघ आला, आपल्याला वाटले आता चार तासांवर व्यावसायिक क्लब आहे. तो एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला. हजारोंच्या गर्दीपुढे खेळणारा कोल्हापूरचा पोरगा आणि देशातला व्यावसायिक फुटबॉल यांच्यामध्ये आजही मोठी दरी आहे. ती ओलांडणाऱ्यांत अनिकेत जाधवचे नाव सगळ्यांना माहीत आहे. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला तेव्हा इथे घराघरांत टीव्हीपुढे गर्दी होती. पण त्याची घडण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे शासनाच्या निवासी क्रीडा संस्थेत, झाली. लहान वयात तो शहर सोडून गेला, हे त्याचे कौतुक करताना आपण विसरतो.

मुलींच्या बाबतीत शहराने वेगळी वाट काढून पाहिली. एफसी कोल्हापूर सिटी या नावाने महिला संघ राष्ट्रीय महिला लीगमध्ये उतरला. तो तालमीचा नव्हता, पेठेचा नव्हता, शहराच्या नावाचा होता. पुरुषांच्या फुटबॉलला जे जमले नाही ते मुलींच्या संघाने करून दाखवले, आणि त्याची दखल गॅलरीने फार थोडी घेतली. ही खंत मी मुद्दाम इथे नोंदवतो.

आता हुल्लडबाजीकडे. शाहू स्टेडियमवर वाद होतात, दगड-बाटल्या पडतात, पंचांवर धावून जाणारे असतात. पोलिस बंदोबस्त नाकारतात, स्पर्धा स्थगित होते, संघांकडून हमीपत्रे घेतली जातात. हे अनेकदा घडले आहे आणि याचे समर्थन होऊ शकत नाही. गंमत म्हणून आलेल्या पोराच्या डोळ्याला दगड लागला तर कोणत्या पेठेची इभ्रत वाढते? तरीही याची मुळे केवळ उनाड पोरांत शोधून भागणार नाही. मॅचमधली ईर्षा मैदानावर संपत नाही, कारण ती मैदानावर सुरूच झालेली नसते. गणपतीची मिरवणूक, शिवजयंती, महापालिकेची निवडणूक, सगळीकडे त्याच पेठा, तीच मंडळे आणि बरेचदा तेच नेते समोरासमोर असतात. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्यातला जुना ताण चेंडूपेक्षा कितीतरी मोठा आहे. वर्षभराचा हिशेब नव्वद मिनिटांत चुकता करायला माणसे गॅलरीत येतात.

आणि शिक्षा कोणाला होते? स्पर्धा थांबली की आयोजकांचे पैसे अडकतात, खेळाडूचे मानधन राहते आणि खऱ्या रसिकाची संध्याकाळ जाते. निवडणुका, बारावीच्या परीक्षा, सणांचा बंदोबस्त यांमुळे वेळापत्रक आधीच कोलमडलेले असते. मे महिन्याचे ऊन आणि मग वळीव. जूनमध्ये पाऊस लागला की मैदान गेले. एवढ्या आखूड हंगामात महिनाभर खेळ बंद पडणे म्हणजे काय, हे ज्याने फायनलची वाट पाहिली त्यालाच विचारा. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाने हंगाम थांबवला तेव्हा निदान दोष कोणाचा नव्हता.

शहराला फुटबॉल कळतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जानेवारी २०२३ मध्ये संतोष करंडक या राज्यांच्या संघांमधल्या राष्ट्रीय स्पर्धेच्या गट फेरीचे सामने शाहू स्टेडियमवर झाले, बंगालसारखा संघ इथे खेळून गेला. पेठेचा संघ मैदानात नसतानाही लोक आले आणि चांगल्या पासला टाळी पडली. विश्वचषकाच्या वेळी चौकाचौकांत मेस्सी आणि नेमारचे उंच कटआउट लागतात, अर्जेंटिना आणि ब्राझील यांच्यात गल्ल्या वाटल्या जातात. एवढे प्रेम ज्या शहरात आहे तिथे लहान गटांच्या स्पर्धा रिकाम्या मैदानावर का होतात, हा प्रश्न समर्थकाने स्वतःलाही विचारायला हवा.

माझी मुख्य तक्रार वेगळी आहे. समर्थक वर्गणी देतो, तिकीट काढतो, फलक लावतो, पण संघाचे काय करायचे हे ठरवण्यात त्याला जागा नाही. तालीम सगळ्यांची म्हणायची आणि फुटबॉलचे निर्णय चार-पाच जणांनी घ्यायचे, असे अनेक ठिकाणी चालते. मी ज्या संघासाठी घसा बसवतो तिथेही प्रशिक्षक का बदलला आणि देणगीचे किती पैसे कशावर गेले, हे विचारले की उत्तर मिळते, ‘तू मॅच बघ की.’ राजाश्रयाच्या काळात प्रजेने हिशेब मागायचा नसतो, ती पद्धत पुढाऱ्यांच्या काळातही चालू राहिली. समितीतली माणसे वाईट आहेत असे नाही. त्यांतले कित्येक खिशातले पैसे घालतात, बायकोची बोलणी खातात, रात्री-अपरात्री खेळाडूला दवाखान्यात नेतात. पण कष्ट करणाऱ्यानेही हिशेब दाखवला पाहिजे, आणि मागणाऱ्याला विरोधी पेठेचा हेर समजू नये.

करायचे काय, यावर समर्थकांत एकमत नाही. कोणी म्हणते बाहेरचे पूर्ण बंद करा, कोणी म्हणते मग दर्जा घसरेल. मला तीन गोष्टी तातडीच्या वाटतात. मुलांना घडवणाऱ्या तालमीला, तो मुलगा दुसरीकडे गेला तर, काही मोबदला मिळेल असा नियम केएसएने शहरपातळीवर करावा. चषक भरवणाऱ्यांनी बक्षिसाच्या रकमेतला ठरावीक वाटा सहभागी संघांच्या लहान गटांना द्यावा. आणि प्रत्येक तालमीने नोंदणीच्या आधी समर्थकांची एक उघड बैठक घ्यावी. तालमीच्या दारात सुविचार आणि निधनवार्ता लिहायचा फळा असतोच. त्यावर यंदाची जमा, यंदाचा खर्च आणि यादीतली किती पोरं आपल्या भागातली आहेत, एवढे लिहायला खडूशिवाय काही लागत नाही.