काउंटीची घनता आणि प्लॉटचं झोनिंग: न्यू जर्सीत होमस्टेडिंगचा विचार करताना

न्यू जर्सी हे अमेरिकेतलं सर्वांत दाट वस्तीचं राज्य. त्यातल्या मिडलसेक्स काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) २०२० च्या जनगणनेत ८ लाख ६३ हजार माणसं मोजली गेली, म्हणजे चौरस मैलाला साधारण २,८००. एडिसनमधल्या मराठी कुटुंबाने घरचा भाजीपाला, चार कोंबड्या, मधमाश्यांच्या दोन पेट्या असा होमस्टेडिंगचा, म्हणजे घरापुरत्या शेतीचा, बेत केला, की सल्ला ठरलेला असतो: ‘इथे काही जमायचं नाही, बर्लिंग्टन काउंटीत बघा, तिथे गर्दी कमी.’ या सल्ल्यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत आहे. घनता ही अख्ख्या काउंटीची सरासरी असते. तुमच्या अंगणात खुराडं उभं राहील की नाही, हे झोनिंग, म्हणजे कुठल्या जागेचा कशासाठी वापर करता येईल याचे नियम, ठरवतात.

आणि या राज्यात झोनिंगचा अधिकार काउंटीकडे नसतोच. तो टाउनशिप, बरो, शहर अशा साडेपाचशेहून जास्त स्थानिक संस्थांकडे आहे. गजबजलेलं एडिसन आणि शेतजमीन जपलेलं क्रॅनबरी एकाच मिडलसेक्समध्ये येतात. म्हणून घर बघायला जाण्याआधी त्या घराचा ब्लॉक आणि लॉट क्रमांक (जागेचा नोंदणी क्रमांक) घ्या, टाउनशिपच्या नकाशावर झोन शोधा आणि त्या झोनचे नियम वाचा. ‘पोल्ट्री’, ‘फाउल’, ‘लाइव्हस्टॉक’ हे शब्द व्याख्यांच्या कलमातही शोधायचे. बहुतेक ठिकाणी परवानगी असलेल्या वापरांची यादी दिलेली असते, आणि यादीत नसलेलं चालत नाही. ‘मनाई कुठे लिहिलेली नाही’ हा युक्तिवाद तिथे टिकत नाही. घर एचओएत (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेत) असेल तर त्यांची नियमावली वेगळी मागवा. टाउनशिपने दिलेली मुभा एचओए काढून घेऊ शकते.

खरी मेख सेटबॅकमध्ये, म्हणजे हद्दीपासून सोडायच्या अंतरात असते. समजा अर्ध्या एकराचा प्लॉट आहे, १०० फूट रुंद आणि साधारण २१८ फूट खोल. नियम म्हणतो, खुराडं प्रत्येक हद्दीपासून ५० फूट आत हवं. डावीकडून ५०, उजवीकडून ५०. उरली शून्य फूट जागा. कोंबड्यांना कागदावर परवानगी आहे, पण खुराडं ठेवायला जागाच नाही. चौकोनी एक एकर, म्हणजे आपले ४० गुंठे, घेतला तर बाजू सुमारे २०८ फुटांची येते आणि मधे १०८ फुटांचा चौकोन मिळतो. पण घर, सेप्टिकचं (सांडपाणी जमिनीत मुरवण्याचं) क्षेत्र आणि विहीर यांनाही जागा द्यायची असते. एकर मोजण्याआधी प्लॉटची रुंदी मोजा.

‘पाच एकर घेतले की टॅक्स कमी’ हेही अर्धवटच ऐकलेलं असतं. शेतजमिनीवरचा मालमत्ता कर कमी करणाऱ्या १९६४ च्या फार्मलँड असेसमेंट कायद्याला शेतीखालची किमान ५ एकर जमीन लागते, आणि घराखालची व अंगणाची जागा त्यात धरत नाहीत. पाच एकरांत घर बांधलंत तर पात्रता गेली. व्यवहारात सहा एकर धरून चाला. पहिल्या ५ एकरांवर वर्षाला किमान १,००० डॉलरची विक्री दाखवावी लागते, आधीची सलग दोन वर्षं शेती झालेली असावी लागते, आणि अर्ज आदल्या वर्षीच्या १ ऑगस्टपर्यंत द्यावा लागतो. ‘राइट टू फार्म’ कायद्याचं संरक्षण व्यावसायिक शेतीला आहे. घरापुरत्या सहा कोंबड्यांवर शेजाऱ्याने तक्रार केली तर त्याचा आधार मिळत नाही.

आता बर्लिंग्टन. तिथली घनता चौरस मैलाला सहाशेच्या आत दिसते, कारण काउंटीचा मोठा भाग पाइनलँड्समध्ये (पाइनच्या संरक्षित जंगलपट्ट्यात) आहे आणि तिथे बांधकामावर कडक बंधनं आहेत. माती वाळूची आणि आम्लधर्मी आहे. ब्लूबेरी, क्रॅनबेरीला ती मानवते. मेथी, पालक, वांगी लावायची तर चुना आणि भरपूर कंपोस्ट घालावं लागतं. उथळ विहिरींचं पाणीही आम्लधर्मी असतं. ते तांब्याचे पाइप झिजवतं आणि जुन्या सांध्यांमधलं शिसं पाण्यात उतरतं. रिकामी दिसणारी जमीन शेतीला चांगली असेलच असं नाही. क्रॅनबरीच्या बाजूची दुमट माती भाजीला कितीतरी उजवी आहे.

घनतेला काहीच अर्थ नाही असं मात्र नाही. दाट उपनगरांत बंदुकीने शिकार जवळपास अशक्य असते (वस्तीच्या इमारतीपासून ४५० फूट अंतर लागतं), त्यामुळे हरणं माजतात. त्यांना अडवायला ८ फुटांचं कुंपण हवं, तर निवासी भागात उंचीची मर्यादा बहुधा ६ फुटांची असते. मग दोन-दोन फुटांच्या वाफ्यांवर जाळीचे पिंजरे करणं सोपं पडतं. १९७८ पूर्वीच्या घरांभोवती रंगातलं शिसं मातीत मुरलेलं असू शकतं, आणि जुन्या फळबागांच्या जागी शिसं आणि आर्सेनिक दोन्ही. भिंतीलगतच्या मातीचा नमुना वेगळा घेऊन तपासा.

रॅकून (मांजरापेक्षा थोडा मोठा, रात्री फिरणारा प्राणी) तर उपनगरांत जास्तच सुखाने राहतात. षट्कोनी भोकांच्या चिकन वायरमधून ते पंजा आत घालतात आणि जाळीशी टेकून झोपलेली कोंबडी ओढतात. खुराड्याला अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची हार्डवेअर क्लॉथ ही मजबूत तारेची जाळी लावा. ती नुसत्या स्टेपलने ठोकू नका, स्क्रू आणि वॉशरने आवळा, आणि बाहेरच्या बाजूने जमिनीत फूटभर गाडा. दाराला साधा आकडा नको, तो रॅकून उघडतो. स्प्रिंगचा कॅराबिनर (आपोआप मिटणारी कडी) अडकवा.