लहरींचा नवा शेजार, जुने कान

२०११ च्या जानेवारीत अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने, म्हणजे एफसीसीने, लाइटस्क्वेअर्ड या कंपनीला एक सशर्त परवानगी दिली. कंपनीकडे १५२५ ते १५५९ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या लहरी होत्या. हा पट्टा मुळात उपग्रहांकडून जमिनीवर येणाऱ्या संदेशांसाठी राखलेला. कंपनीला त्याच लहरींवर हजारो मनोरे उभारून ब्रॉडबँड पुरवायचं होतं. मागणी वाजवी वाटत होती. लहरींचा वापर थोडा, इंटरनेटची भूक मोठी; मग द्या की वापरायला! अडचण एवढीच, की १५५९ ची वेस ओलांडली की जीपीएसचा मुलूख लागतो. त्याचा मुख्य नागरी संदेश १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो. चाचण्यांमध्ये मनोऱ्यांचं प्रक्षेपण सुरू झालं आणि जीपीएस रिसीव्हर गडबडू लागले. अचूक शेतीची यंत्रं, सर्वेक्षणाची उपकरणं, विमानातली उपकरणं, सगळीकडून ओरड सुरू झाली. फेब्रुवारी २०१२ मध्ये एफसीसीने परवानगी मागे घ्यायचं ठरवलं आणि मे महिन्यात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

या प्रकरणात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. कंपनीचं म्हणणं होतं, ‘आम्ही आमच्या हद्दीतच बोलत होतो.’ आणि ते बऱ्याच अंशी खरं होतं. गडबड होत होती ती ऐकणाऱ्याकडे.

रिसीव्हरचा अँटेना आपल्याला हवी तेवढीच लहर वेचून घेत नाही, आसपासचं बरंच काही आत येतं. नको ते गाळायचं काम फिल्टरचं. आदर्श फिल्टर हद्दीवर भिंतीसारखा उभा असेल. खरा फिल्टर उतारासारखा असतो. हद्दीपलीकडच्या लहरी तो हळूहळू कमी करतो, एकदम तोडत नाही. हा उतार जितका तीव्र हवा, तितका फिल्टर महाग, मोठा किंवा हव्या त्या संदेशाचाही थोडा बळी घेणारा. शेजारून जोरदार लहर या उतारावरून आत शिरली, की पुढचा ॲम्प्लिफायर तिच्याच भाराने दबतो आणि खरा, क्षीण संदेश त्यात बुडून जातो. शेजाऱ्याने आपल्या हद्दीत एक पाऊलही टाकलेलं नसताना आपला कान बंद होतो, असा हा प्रकार.

जीपीएसचा संदेश किती क्षीण? उपग्रह वीस हजार किलोमीटरहून उंच. एका वॅटचे एक कोटी भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा शंभर कोटी भाग करा, त्यातला एक भाग घ्या. जमिनीवर साध्या अँटेनाला मिळणारी शक्ती साधारण तेवढी. शेजारच्या पट्ट्यातही उपग्रहच होते, तेही असंच कुजबुजणारे, तोवर रिसीव्हर बनवणाऱ्यांनी फिल्टरवर कशाला खर्च करावा? त्यातून, स्थान सेंटिमीटरपर्यंत अचूक सांगणाऱ्या रिसीव्हरना रुंद पट्टा ऐकावाच लागतो. आता त्या कुजबुजीशेजारी मनोरा आला. त्याच्याजवळ उभं राहिलं तर त्याची लहर जीपीएसच्या अब्जावधी पट जोरात. कंपनी म्हणते, तुमचे फिल्टर ढिले. जीपीएसवाले म्हणतात, शेजार शांत राहील असं तुम्हीच सांगितलं होतं. माझ्या मते दोघंही बरोबर होते, आणि घोडं नेमकं इथेच पेंड खातं.

कारण स्पेक्ट्रमचा, म्हणजे या रेडिओ लहरींच्या पट्ट्यांचा, कायदा जन्मापासून बोलणाऱ्याकडे बघत आला आहे. १९०६ मध्ये बर्लिनला आंतरराष्ट्रीय करार झाला, १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर अमेरिकेत परवान्याचा कायदा आला; दोन्हींचा रोख प्रक्षेपण कोण, कुठून आणि कसं करणार यावर. आजही जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची, म्हणजे आयटीयूची, रेडिओ नियमावली कोणता पट्टा कोणत्या सेवेला हे ठरवते, आणि देश त्यातून आपापले परवाने देतात. प्रक्षेपकाची ताकद मोजली जाते, त्याची हद्द आखली जाते. बहुतेक रिसीव्हरना मात्र कुणी परवाना विचारत नाही. १९५९ मध्ये अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांनी सुचवलं, की लहरी सरकारने वाटण्यापेक्षा त्यांचे हक्क विकावेत. तेव्हा ते हास्यास्पद वाटलं होतं. १९९४ पासून अमेरिकेत स्पेक्ट्रमचे लिलाव सुरू झाले आणि लिलावांची रचना करणाऱ्या पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट विल्सन यांना २०२० मध्ये नोबेल मिळालं. पण विकलं जातं ते बोलण्याचा हक्क. ऐकणाऱ्याला कितपत सहन करावं लागेल हे त्या कागदावर धड लिहिलेलं नसतं.

जोवर शेजार बदलत नव्हता तोवर हे चालून गेलं. गेल्या वीसेक वर्षांत मात्र नियामकांचं मुख्य काम शेजार बदलण्याचंच झालं आहे. मोकळी जागा उरलेली नाही. कमी वारंवारतेच्या लहरी दूर जातात, भिंतीतून आत शिरतात, पण तिथले पट्टे अरुंद. जास्त वारंवारतेवर रुंद पट्टे मिळतात, पण लहर लवकर विरते. मोबाइल ब्रॉडबँडला दोन्हींचा मेळ साधणारा मधला भाग हवा असतो, आणि तो आधीच कुणाच्या तरी ताब्यात असतो. टीव्ही डिजिटल झाला तेव्हा एका वाहिनीच्या जागेत अनेक वाहिन्या मावू लागल्या आणि ७०० मेगाहर्ट्झच्या आसपासची जागा सुटली. पुढे अमेरिकेने उलटा लिलावही केला. टीव्ही केंद्रांना विचारलं, किती पैसे दिले तर लहरी सोडाल? २०१७ मध्ये संपलेल्या या व्यवहारात ८४ मेगाहर्ट्झ मोकळे झाले, केंद्रांना सुमारे १० अब्ज डॉलर मिळाले, आणि उरलेल्या शेकडो केंद्रांना नव्या वाहिन्यांवर हलवायला वेगळा निधी ठेवला गेला. जुन्या रहिवाशांचा खर्च धरून केलेला हा बदल तुलनेने शांतपणे पार पडला.

पुढच्या एका लिलावात हा हिशेब अर्धाच धरला गेला. ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झ (एक गिगाहर्ट्झ म्हणजे हजार मेगाहर्ट्झ) हा सी-बँड उपग्रहांवरून टीव्ही वाहिन्या पोचवण्यासाठी वापरात होता. उपग्रहांना वरच्या २०० मेगाहर्ट्झमध्ये सरकवून खालचे २८० मेगाहर्ट्झ ५जीसाठी विकले गेले, मधले २० मेगाहर्ट्झ दोघांमध्ये अंतर म्हणून रिकामे. २०२१ च्या सुरुवातीला संपलेल्या या लिलावात बोली ८१ अब्ज डॉलरच्या वर गेली. जमिनीवरच्या डिश अँटेनांना नव्या शेजाऱ्याचा त्रास होणार हे उघड होतं, म्हणून डिशवर फिल्टर बसवले गेले आणि त्याचा खर्च लिलाव जिंकणाऱ्यांच्या माथी मारला गेला. चोख काम.

पण ४.२ गिगाहर्ट्झच्या वर आणखी एक शेजारी होता: विमानाचा रेडिओ उंचीमापक. तो ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झमध्ये जमिनीकडे लहर सोडतो, तिचा प्रतिध्वनी ऐकतो आणि त्यावरून विमान जमिनीपासून किती उंच आहे ते काढतो. धुक्यात उतरताना याच आकड्यावर विमानातल्या आपोआप चालणाऱ्या यंत्रणा विसंबतात. त्याच्या आणि ५जीच्या मध्ये २२० मेगाहर्ट्झचं अंतर होतं. कागदावर भरपूर. शिवाय सुरुवातीला सुरू झालेलं ५जी ३.८ गिगाहर्ट्झच्या खालीच थांबत होतं. तरीही जुन्या उंचीमापकांचे फिल्टर इतके मोकळे होते, की विमान वाहतूक नियामक एफएएने हमी द्यायला नकार दिला. ऐन जानेवारी २०२२ मध्ये काही विमान कंपन्यांनी अमेरिकेची उड्डाणं रद्द केली आणि मोबाइल कंपन्यांनी विमानतळांजवळचे मनोरे तात्पुरते आवरते घेतले. मग पुढचं दीड-दोन वर्ष विमानांत फिल्टर बसवणं आणि उंचीमापक बदलणं चाललं. तो खर्च विमान कंपन्यांच्या गळ्यात पडला. लिलाव एकच, शेजारी दोन; एकाला फिल्टर फुकट, दुसऱ्याला स्वतःच्या खिशातून. दोन सरकारी खात्यांनी ही चर्चा लिलावाआधी तडीस न्यायला हवी होती, असं म्हणायला तज्ज्ञ असण्याची गरज नाही.

इथवर वाचून सगळा दोष ऐकणाऱ्याच्या ढिल्या फिल्टरवर ढकलावासा वाटेल. हवामान उपग्रहांचं उदाहरण त्याला आडवं येतं.

पाण्याची वाफ २२ गिगाहर्ट्झच्या थोडं वर लहरी शोषते आणि सोडते. हवेत बाष्प किती हे जोखण्यासाठी उपग्रहांवरचे संवेदक २३.८ गिगाहर्ट्झच्या आसपास वातावरणातून आपसूक निघणाऱ्या अतिशय मंद लहरी मोजतात, आणि हवामानाच्या अंदाजाची गणितं त्यावर उभी असतात. २३.६ ते २४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात म्हणूनच कुणीही बोलायचं नाही असा नियम आहे. संवेदकाला सोयीची दुसरी वारंवारता देता येत नाही, ती पाण्याच्या रेणूने ठरवलेली. पलीकडे २४.२५ गिगाहर्ट्झपासून ५जीला जागा द्यायचं ठरलं. प्रक्षेपक हद्दीत असला तरी त्याची थोडी ऊर्जा बाहेर सांडतेच, आणि ही सांड थेट शांत पट्ट्यात पडली तर संवेदकावर कितीही उत्तम फिल्टर लावा, उपयोग शून्य. आत आलेली लहर नेमकी त्याच वारंवारतेची असते. तिथे लगाम प्रक्षेपकालाच हवा.

आणखी वाईट म्हणजे ही चूक ओळखूही येत नाही. जीपीएस बंद पडला तर निदान कळतं. संवेदकाला मनोऱ्याची गळती पोचली तर तो गप्प बसत नाही, हवेत बाष्प जरा जास्त आहे असं सांगतो, आणि अंदाज तो आकडा गिळून पुढे जातो.

२०१९ मध्ये इजिप्तच्या शर्म अल-शेख इथे आयटीयूच्या जागतिक रेडिओ परिषदेत यावर कडाक्याचं भांडण झालं. गळतीची मर्यादा डेसिबल-वॅटमध्ये, २०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यामागे मोजायची होती. अमेरिकेचा आग्रह उणे २० चा, युरोपचा उणे ४२ चा, जागतिक हवामान संघटनेला हवी होती उणे ५५. उणे आकडा जितका मोठा, तितकी मर्यादा कडक. आकडे जवळजवळचे वाटतात, पण डेसिबलची पट्टी फसवी आहे: उणे २० आणि उणे ५५ यांत तीन हजार पटींहून अधिक फरक पडतो. शेवटी मोबाइल मनोऱ्यांसाठी उणे ३३ ठरलं, आणि १ सप्टेंबर २०२७ पासून चालू होणाऱ्या मनोऱ्यांना उणे ३९. हवामानवाले खूश नव्हते, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

जागा विकण्याऐवजी वाटून वापरायची, हा दुसरा मार्ग. १९८५ मध्ये एफसीसीने २.४ गिगाहर्ट्झसह तीन पट्टे विनापरवाना, संदेश रुंद पट्ट्यावर पसरवून पाठवणाऱ्या उपकरणांना खुले केले. मायक्रोवेव्ह ओव्हनसारखी यंत्रं तिथे आधीच गोंगाट करत होती, त्यामुळे त्या लहरींना फारसं कुणी विचारत नव्हतं. त्या ‘टाकाऊ’ जागेत वाय-फाय वाढलं. २०२० मध्ये त्याच नियामकाने ५.९२५ ते ७.१२५ गिगाहर्ट्झ असा तब्बल १२०० मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना केला. तिथे मायक्रोवेव्ह लिंक, म्हणजे दोन ठिकाणांना जोडणारे बिनतारी दुवे, आधीपासून आहेत, म्हणून घरातल्या उपकरणांवर ताकदीची मर्यादा आली आणि बाहेर जोरात बोलणाऱ्यांना आधी एका डेटाबेसला विचारण्याची अट. युरोपने याच पट्ट्याचा फक्त खालचा ४८० मेगाहर्ट्झ वाय-फायला दिला, चीनने वरचा ७०० मोबाइलकडे वळवला. ३.५ गिगाहर्ट्झला तर अमेरिकेने किनाऱ्यावर संवेदकच बसवले: नौदलाचं रडार ऐकू आलं की व्यावसायिक वापरकर्त्यांनी त्या वाहिनीवरून बाजूला व्हायचं.

रिसीव्हरकडे लक्ष जाऊ लागलं आहे, पण संथपणे. युरोपच्या २०१४ च्या रेडिओ उपकरण निर्देशात रिसीव्हरच्या गुणवत्तेचाही विचार आला. एफसीसीने एप्रिल २०२३ मध्ये धोरणपत्रक काढलं: हस्तक्षेप टाळण्याची जबाबदारी ऐकणाऱ्याचीही आहे, शेजारच्या पट्ट्यात उद्या काय येऊ शकतं हे धरून उपकरण बांधा. पण हे पत्रक आहे, नियम नव्हे. आणि वापरात असलेल्या उपकरणांना ते लावणार कसं? फोन तीन वर्षांत बदलतो, विमान तीस वर्षं उडतं.

२०२७ च्या जागतिक रेडिओ परिषदेसमोर मोबाइलसाठी नवे पट्टे तपासण्याचा विषय आहे. त्यात ४.४ ते ४.८ गिगाहर्ट्झ आहे, ७.१२५ ते ८.४ आहे आणि १४.८ ते १५.३५ आहे. पहिला पट्टा उंचीमापकांच्या हद्दीला वरून थेट चिकटलेला, मध्ये अंतरच नाही. अशा अभ्यासात मनोऱ्याची ताकद गृहीत धरणं त्या मानाने सोपं असतं. भांडण होतं ते रिसीव्हर कोणता धरायचा यावर: आज विमानांत बसवलेला, की नव्या मानकाप्रमाणे उद्या बसवला जाणारा.